उसवलेली दुमड

२ सप्टेंबर

ती. आई,

मी पोहोचले, सामानही पोहोचलं. झोप तेवढी अजून वाटेत आहे.

फोन करणार होते. पण इथे सगळ्या क्वार्टर्सना मिळून एकच फोन, तोही खाली ऑफिसात, आणि मागे ही रांग. तिकडे तुम्ही समोरच्या कंपाउंडरकाकांच्या घरी धावत येणार, भिंगरी तुमच्या हातातून फोन ओढणार आणि आपलं बोलणं "जेवलीस का"च्या पुढे जाणार नाही. म्हणून पत्र.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एका भिंतीला ओटा, कोपऱ्यात न्हाणी, रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी. बाकी रिकामी. किती रिकामी म्हणाल, तर छताला बल्बसुद्धा नाही, नुसती वायर लोंबते आहे. आधीचं बिऱ्हाड भिंतीतले खिळेही उपटून घेऊन गेलंय, भोकं तेवढी मागे ठेवली आहेत. काल मी स्वतःशीच "हं" म्हणाले तर खोलीही मला "हं" म्हणाली.

क्वार्टर्सची व्यवस्था बघणाऱ्या बाई आहेत. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी एक छापील कागद हातात दिला. विद्यापीठाचा नियम असा, की खोलीत पाच गोष्टी झाल्याशिवाय मुलाला आणता येत नाही: मुलाला वेगळा पलंग, उंचावर ठेवलेली शेगडी, अभ्यासाचा दिवा, खिडकीला पडदे आणि खिडकीला आतून पक्की कडी. ३१ ऑक्टोबरपर्यंत त्या स्वतः येऊन बघणार. नाही झालं तर खोली यादीतल्या पुढच्या कुटुंबाला, आणि माझी रवानगी मुलींच्या वसतिगृहात. मग भिंगरी दोन वर्षं तिकडेच.

त्या फॉर्म भरत होत्या. म्हणाल्या, "मुलगी सध्या कोणाकडे?"

"सासूबाईंकडे."

"आणि मिस्टर?"

"ते नाहीत. म्हणजे आहेत, पण आमच्यात नाहीत. वर्षापूर्वी कोर्टातून वेगळे झालो. त्यांनी दुसरं लग्न केलं."

"मग सासूबाई?"

"त्या आमच्यातच आहेत."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मग काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

आज बादली, मग, बल्ब, झाडू आणि एक गादी घेतली. नऊ वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये एका जागी बसून काढली आणि आता दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. खिडकी दोन हात आणि चार बोटं रुंद आहे. पडद्याचं तुम्ही म्हणाला होतात म्हणून कळवते. भिंगरी माझ्याशिवाय झोपते का?

तुमची सून

◆

९ सप्टेंबर

प्रिय मुली,

भिंगरी झोपते. आडवी-तिडवी झोपते, माझ्या पोटात पाय घालून झोपते, पण झोपते. पहिल्या दिवशी तुझ्या उशीला तुझी ओढणी गुंडाळून घेतली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आजी, ही उशी आईसारखी बोलत नाही. मग मी बोलत बसले.

आता कामाचं. दोन हात चार बोटं म्हणजे काय गं? हात तुझा की माझा? चाळीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवतेय, उद्या एखाद्या बाईने येऊन सांगितलं की मुलगा साधारण टेबलाएवढा आहे, तर मी काय शिवू? टेप घे. वरून मोज, मधून मोज, खालून मोज. जुन्या इमारतींच्या खिडक्या वर एक आणि खाली एक असतात. लांबी चौकटीच्या वरून घे आणि खाली चार बोटं जास्त धर. इथे बोटं चालतील.

गादी कसली घेतलीस ते लिहिलं नाहीस. फोमची असेल तर परत कर, उन्हाळ्यात पाठ भाजेल. बादली उचलून बघितलीस का? कडी कानात नीट बसलेली नसेल तर भरलेली बादली जिन्यात सुटते आणि पायावर पडते. बाकी लिहून ठेव: सांडशी, गाळणी, दोन पातेली (एक दुधाचं, ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही), सुरी, झाकणाचे डबे, पायपुसणं, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, मेणबत्त्या, काडेपेटी, सुईदोरा. सुईदोरा तुझ्याकडे नसणार हे मला माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. विशेष काही नाही. कोणी आलं नाही, गेलं नाही.

त्या मॅडमना सांग, आम्ही कोण कोणाच्यात आहोत ते आमचं आम्ही बघू.

आई

◆

१८ सप्टेंबर

ती. आई,

टेप घेतला. वर बेचाळीस इंच, मधे बेचाळीस, खाली सव्वाएकेचाळीस. तुम्ही न बघता कसं सांगितलंत? लांबी चौपन्न, त्यात तुमची चार बोटं धरलेली नाहीत.

गादी फोमची होती. परत केली. दुकानदार म्हणाला, "बाई, झोपलात ना यावर?" म्हटलं, झोपले नाही, नुसती पडले होते. हसला आणि घेतली.

इथे विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून एक लांब गल्ली आहे, सगळी संसाराच्या सामानाची. सत्र सुरू झालं की नवे विद्यार्थी, नवी जोडपी, सगळे हातात याद्या घेऊन तिथेच फिरतात. मीही लेक्चर संपलं की तिकडे. माझं काय होतं, दुकानात गेले की खोलीत काय राहिलं ते आठवतं, आणि खोलीत आले की दुकानात काय राहिलं ते. एका आठवड्यात तीन गाळण्या घेतल्या. एक शेजारच्या बाईला दिली, तर तिने मला गाळणीच दिली. तिच्याकडेही दोन होत्या.

पलंगाचं मात्र मोठं रामायण झालं. पलंगवाला म्हणाला, "मुलगी केवढी?" म्हटलं, सात वर्षांची. "मग मोठाच घ्या. मुली थांबत नाहीत." मला पटलं. घेतला. हमालांनी तीन मजले चढवला आणि तो दारातून आत येईना. उभा करून, आडवा करून, तिरका करून झालं. वरच्या मजल्यावरचे संशोधक खाली आले, खालच्या मजल्यावरचे वर आले, प्रत्येकाने एकेक भूमिती सांगितली. दोन तास पलंग जिन्यात आणि मी पलंगाच्या पलीकडे, खोलीबाहेर. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने चारी पाय कापले, पलंग आत नेला आणि आत पुन्हा जोडले. एक पाय किंचित आखूड झालाय. खाली पुठ्ठा घातला आहे.

शेगडी ओट्यावर बसली. दिवा आला. खिडकीची कडी राहिली आहे, उद्या-परवा बसवून घेते. तोवर दोरीने बांधली आहे. म्हणजे पडदे आले की झालंच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी भिंगरीला न्यायला येते.

वर्गातली मुलं मला ताई म्हणतात. एकाने काकू म्हटलं, त्याच्याशी मी बोलत नाही.

तुमची सून

◆

२५ सप्टेंबर

प्रिय मुली,

पहिल्या आठवड्यात येऊ नकोस. घाई कशाला? ३१ तारीख लांब आहे.

पडदे अजून व्हायचे आहेत. हातात दुसरी कामं आहेत. आणि मी विचार करत होते की नुसते पडदे, पलंग, दिवा एवढ्याने सात वर्षांचं मूल राहतं का? सरकारी कागदावर पाचच गोष्टी असतात, पण कागद लिहिणाऱ्याने कधी मूल सांभाळलंय? तिसरा मजला आहे, डास येत असतील, मच्छरदाणी हवी. पाणी उकळायला वेगळं पातेलं हवं. (तू पाणी तपासणारी, तुला काय सांगायचं.) तिच्या उंचीचं टेबल हवं, नाहीतर पाठीला पोक येईल. कपाटाला कुलूप हवं, ती औषधांच्या बाटल्या उघडते. थंडीचे कपडे हवेत. न्हाणीत पाय घसरू नये म्हणून रबराचं पायपुसणं हवं. थर्मामीटर. तापावरचं औषध. पलंगाचा तो आखूड पाय आधी नीट करून घे. पुठ्ठ्यावर मूल झोपवतात का? शिवाय शेजारी कोण आहेत ते लिहिलं नाहीस. त्यांच्याकडे कुत्रं आहे का?

हे सगळं झालं की कळव. मग बघू.

इकडे ठीक.

आई

◆

२६ सप्टेंबर

आई,

हे पत्र मी एकटीने लिहिलं. कंपाउंडरआजोबांनी पाकीट दिलं आणि पत्ता घातला.

बाबा आले होते. दोनदा आले. एकदा मी शाळेत होते, एकदा घरी होते. मला चपला आणल्या, त्या मोठ्या आहेत. बाबांनी टेपने सगळं घर मोजलं. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. मग बाबा आणि आजी मागच्या खोलीत बोलत होते आणि मला बाहेर खेळ म्हणाले. आजी म्हणाली आईला लिहू नको, तिचा अभ्यास आहे.

आजी माझे पडदे शिवते. ते पिवळे आहेत.

माझा एक दात पडला. तो मी ठेवला आहे.

भिंगरी

◆

१ ऑक्टोबर

श्रीमती आईंना,

भिंगरीचं पत्र मिळालं. हो, तिने पाठवलं. तिला रागावू नका.

"कोणी आलं नाही, गेलं नाही" असं तुम्ही लिहिलं होतंत. मी पत्र पुन्हा काढून वाचलं. तसंच लिहिलंय.

मी फोनच्या रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आल्यावर परत फिरले. तोंडाने बोलले असते तर भलतंच बोलून बसले असते. आता लिहिते, ते नीट विचार करून लिहिते.

एका आठवड्यात साठ गणवेश शिवताना मी तुम्हाला पाहिलं आहे. दोन पडद्यांना तुम्हाला महिना लागत नाही. मी एक यादी पुरी केली की तुम्ही दुसरी पाठवता. टेबल झालं, की कपाट. कपाट झालं, की कुत्रं. इथे कुत्रं नाही, आई. इथे एक खोली आहे, तिच्यात माझ्या मुलीचा पलंग आहे आणि त्यावर रोज संध्याकाळी मी पुस्तकं ठेवते, कारण तो रिकामा बघवत नाही.

तो घर मोजायला का आला होता? तिथे परत राहायला येणार आहे का, नवं बिऱ्हाड घेऊन? आणि भिंगरीही तिथेच, आयती? सुनेला शिकायला पाठवून नात ठेवून घ्यायची, असं तुम्हा माय-लेकरांचं ठरलंय का? तसं असेल तर स्पष्ट लिहा. तो शेवटी तुमचा मुलगा आहे. माझं तुमच्याशी नातं कागदाने लागलं होतं आणि कागदानेच सुटलं.

माझ्याकडे सगळं तयार आहे. मी १४ तारखेला येते आहे. पडदे असोत, नसोत.

भिंगरीची आई

◆

२ ऑक्टोबर

आई,

काल एक पत्र टाकलं आहे. ते आलं तर वाचू नका. पोस्टाच्या पेटीपाशी सकाळी उभी राहिले, पेटी उघडणाऱ्या माणसाला म्हटलं, माझं एक पत्र परत द्या. तो म्हणाला, बाई, पेटीत पडलं की ते तुमचं राहत नाही.

पण तो घर का मोजत होता ते मला कळायला हवं.

◆

९ ऑक्टोबर

प्रिय मुली,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. "वाचू नका" वालं वर होतं. ते वाचल्यावर खालचं न वाचता राहणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

रागावले नाही. म्हणजे, एक दिवस रागावले. पण मशीनवर बसून राग राहत नाही, सुई बोटात जाते.

तो तीनदा आला. भिंगरीला दोनदाच माहीत आहे. पहिल्यांदा आला, तू गेलीस त्याच आठवड्यात, तेव्हा मशीनपुढच्या स्टुलावर बसला, लहानपणी बसायचा तसा, पाय आडव्या दांडीवर ठेवून. म्हणाला, "आई, आता इथे तुझं कोण आहे? ती गेली. पोरगीही जाईल. चार खोल्यांत एकटी काय करणार? हे घर विकू. माझ्याकडे ये. तुझ्यासाठी वेगळी खोली ठेवलीय." वाईट बोलला नाही गं. वाईट बोलला असता तर सोपं होतं. मी म्हटलं, भिंगरी आहे ना. तो म्हणाला, "ठीक आहे. भिंगरी जाईपर्यंत."

दुसऱ्यांदा घर मोजून गेला. तिसऱ्यांदा एका गृहस्थाला बरोबर घेऊन आला. त्या गृहस्थाने नळ सोडून बघितले आणि भिंतींवर टिचक्या मारल्या.

भिंगरी जाईपर्यंत. मग माझ्या डोक्यात एकच, की भिंगरी जाऊ नये. तुझ्यापासून तोडायची म्हणून नाही. ती इथे जेवत असली, पसारा घालत असली, की मला त्याला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून मच्छरदाणी. म्हणून थर्मामीटर. कुत्र्याचं लिहिताना मलाच हसू आलं होतं, तरी लिहिलं.

पडदे दोन संध्याकाळींत झाले. तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांची दुमड उसवली. भिंगरी म्हणाली, आजी, चुकलं का? म्हटलं, हो. परत घातली. दोन दिवसांनी परत उसवली. असं चारदा. आता कापड उजेडाकडे धरलं की सुईची भोकं दिसतात. लाज वाटते मला. चाळीस वर्षांत कोणाचं कापड खराब केलं नव्हतं.

तुझ्या नात्याच्या बोलण्याचं. कोर्टात त्या दिवशी साहेबांनी तुझं नाव घेतलं, त्याचं घेतलं, पोरीचं घेतलं. मी मागे बाकावर बसले होते. माझं नाव कोणीच घेतलं नाही. त्या कागदात मला कुठे ठेवलंय ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. तू रिक्षात बसलीस, मीही बसले. तू सरकून जागा दिलीस. मी त्यालाच निकाल समजले.

तू १४ ला येऊ नकोस, तुझी लेक्चरं बुडतील. मीच १६ ला तिला घेऊन येते. मला ती खिडकी बघायची आहे, खाली पाऊण इंच कमी आहे म्हणतेस ती.

आई

◆

२८ ऑक्टोबर

ती. आई,

तुम्हाला बसमध्ये बसवून आज आठ दिवस झाले. भिंगरी रोज विचारते, आजी पोहोचली का. सांगते, पोहोचली. म्हणते, मग पत्र का नाही?

मॅडम परवा आल्या. भिंगरीने दार उघडलं आणि त्यांना सांगितलं, "चपला बाहेर काढा, आजीने फरशी पुसून घेतली आहे." आजी गेली त्याला सहा दिवस झाले होते, पण फरशीचा मान तेवढाच. मॅडमनी काढल्या. शेगडी बघितली, दिवा लावून बघितला, पलंगावर बसून हलवला. मग पडदा हातात घेतला. मी मनात म्हटलं, आता भोकं दिसणार. त्या म्हणाल्या, "हातचे दिसतात. कोणी शिवले?" भिंगरी म्हणाली, "आमच्या आजीने. पाच वेळा शिवले." मॅडमना त्याचं कौतुक वाटलं. कागदावर सही झाली. खोली आपली झाली.

पण मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या चार दिवसांत तोंडाने सांगता आलं नाही. तुम्ही आलात, पिशवी खाली ठेवायच्या आधी खिडकीची दोरी बघितलीत. खाली गेलात, सुताराला घेऊन आलात, दहा मिनिटांत कडी बसली. "सगळं तयार आहे" असं मी तुम्हाला लिहिलं होतं, आणि ती कडी पाच आठवडे माझ्या टेबलाच्या खणात कागदात गुंडाळून पडली होती. सुतार रोज फाटकाशी भेटायचा. मी त्याला चुकवून दुसऱ्या बाजूने जायचे.

कडी बसली असती तर पाचही गोष्टी झाल्या असत्या. मग भिंगरीला आणावंच लागलं असतं. आई, मी आजवर तिला एकटीने वाढवलेलं नाही. ताप आला की रात्र तुमची. शाळेत बाईंना भेटायला जायचं तेही तुम्ही. मी पगार आणायचे आणि रविवारी केस धुवायचे. इथे आल्यावर कळलं की मला तिची नुसती आठवण येत नव्हती, तिची भीतीही वाटत होती. तुमच्यावर ओरडले, कारण तुम्ही थांबवताय म्हटल्यावर मला थांबायला बरं वाटत होतं आणि त्याचाच राग येत होता.

आता ती आली आहे. सकाळी दोघींची पळापळ होते. मंगळवारी तिचा डबा माझ्या पिशवीत आणि माझी वही तिच्या दप्तरात गेली. तिने ती बाईंना दाखवली. कसं होईल माहीत नाही, पण रोज संध्याकाळपर्यंत होतं खरं.

बस निघताना मी म्हटलं, इथेच राहा. तुम्ही म्हणालात, "दुपारभर तुमच्या खोलीत बसून मी काय करू, भिंतीतली भोकं मोजू?" मग मी विचारलं, त्याला काय सांगणार? तुम्ही "बघू" म्हणालात आणि खिडकीतून दुसरीकडे बघायला लागलात. त्या "बघू"ने माझी झोप उडवली आहे. तुम्ही त्याच्याकडे गेलात तरी मी पत्र तिकडे पाठवीन. तो पत्ता लिहिताना हात जड होईल, पण पाठवीन.

डिसेंबरात क्वार्टर्स महिनाभर बंद असतात. मॅडमनी सुट्टीतला पत्ता मागितला. मी आपल्या घराचा लिहून दिला. विचारलं नाही, आधी लिहून दिला. चालेल ना?

तुमची

◆

५ नोव्हेंबर

प्रिय मुली,

उत्तर उशिरा लिहिते, कारण इकडे जरा गडबड होती.

कडीचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पाच आठवडे वापरलेली दोरी काळी पडते. बोलले नाही, कारण माझ्या पिशवीत चारदा उसवलेले पडदे होते. आपण दोघी सारख्याच.

घरी आले त्या संध्याकाळी दार उघडलं आणि आत जावंसं वाटेना. पायरीवरच बसले. कंपाउंडरवहिनी चहा घेऊन आल्या. तो पायरीवरच प्यायला. मग आत गेले. सगळं जागच्या जागी होतं. भिंगरी असताना काहीच जागच्या जागी नसतं. दोन दिवस मी वस्तू उचलून परत तिथेच ठेवत फिरत होते.

रविवारी तो आला, त्या नळवाल्या गृहस्थांना घेऊन. म्हणाला, "भिंगरी गेली ना? मग आता बोलू." मी चहा ठेवला. दोघांना दिला. आणि म्हटलं, "घर विकायचं नाही."

तो म्हणाला, "आई, पण इथे तुझं कोण आहे?"

म्हटलं, "डिसेंबरात दोघी येणार आहेत. त्यांना घर लागेल."

"एका महिन्यासाठी?"

"हो. आणि नसत्या आल्या तरी लागलं असतं. मला."

हे शेवटचं माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे. मी ठरवलं नव्हतं. ते गृहस्थ चहा संपवून उठले, म्हणाले, नळ चांगले आहेत. तो मात्र बसून राहिला. मग म्हणाला, तुला माझा राग आहे का? म्हटलं, आहे. पण तो कमी करायला तुझ्या घरी राहायला येण्याची गरज नाही, तूच येत जा. भिंगरी असेल तेव्हा ये, तिच्या मापाच्या चपला आण. तो हसला नाही, पण निघताना वाकून नमस्कार करून गेला. तुला काय वाटेल माहीत नाही. मला बरं वाटलं, तेही तुला सांगितलं पाहिजे.

तर पत्ता चालेल. विचारतेस काय?

आता माझी खरेदी सांगते. मी माहेरून अकरा माणसांच्या घरातून निघाले ती सहा माणसांच्या घरात आले. मग चार झाली, मग तीन. एकटीचा स्वयंपाक मी जन्मात केला नव्हता. घरातलं सगळ्यात लहान पातेलं काढलं तर तेही चौघांचं. तळाशी चमचाभर आमटी, ती गरम होईस्तोवर करपते. कुकर लावला तर त्यात एवढंसं काहीतरी घरंगळत असतं आणि शिट्टीच होत नाही. चार दिवस करपलेलं खाल्लं आणि पाचव्या दिवशी पिशवी घेऊन बाजारात गेले.

भांड्याच्या दुकानात सगळं पुढे मांडायला लावलं. दुकानदार ओळखीचा. त्याला वाटलं, तुझ्यासाठी घेतेय. म्हणाला, "सूनबाईंचं बिऱ्हाड लागलं ना? मग जरा मोठं न्या."

म्हटलं, "तिचं लागलं. हे माझं."

छोटं पातेलं घेतलं, झाकणासकट. छोटा तवा घेतला, एक वाटी, एक लहान कढई. कढई नको होती, पण गोंडस होती. घरी आणून ओट्यावर ओळीने मांडली. भिंगरीची भातुकली मांडल्यासारखं दिसतं. कंपाउंडरवहिनी बघून हसल्या आणि मग मला म्हणाल्या, मला पण एकदा दाखवा कुठे मिळतं ते.

सगळं जमेल. शाळेच्या बाईंनी नवे गणवेश दिलेत, आणि दुपारी दोन मुली शिवण शिकायला येतात. एकच अडलं आहे. तू तिकडे दीड महिना एकटी होतीस, तुला माहीत असणार. एका माणसाला भाताला तांदूळ किती घालायचे? मी मुठीने घालते आणि रोज उरतो. नीट मोजून कळव, मुठीने सांगू नकोस.

आई